बालकांमधील स्थूलता आणि दमा

(आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील गावोगावच्या मंडळांनी व संस्थांनी कित्येक दशके एक स्पर्धा मोठ्या हौसेने भरविली आहे. तिचे छापील नाव सुदृढ बालक स्पर्धा. घराघरांत मात्र तिला गुटगुटीत बाळांची स्पर्धा असेच म्हटले जाते. परीक्षकांच्या कागदावर उंची, दात, लसीकरण, चपळता अशा अनेक गोष्टींना गुण असतात, परंतु मनगटाला वळ्या पडलेले, गालांनी डोळे झाकलेले बाळ वजनकाट्यावर बसले की सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. प्रेक्षकांच्या मनातले बक्षीस वजनालाच दिलेले असते. यात कोणाचा दोष आहे असे नाही. ज्या समाजाने दुष्काळ, प्लेग आणि घरोघरचे बालमृत्यू पाहिले, त्या समाजाला भरलेले अंग हेच आरोग्याचे लक्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. बाळाने बाळसे धरले, हे वाक्य उच्चारताना आजीच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते त्यामागे कित्येक पिढ्यांची भीती दडलेली असते.

परंतु तेच बाळ पुढे आठ-नऊ वर्षांचे होते आणि दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात कठड्याला धरून उभे राहते. रात्री झोपेत खोकते. पहाटेच्या सुमारास त्याच्या छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागतो. घरातील मंडळी म्हणतात, सर्दी छातीत उतरली. काही म्हणतात, अंगाने जड आहे म्हणून धाप लागते, वयात आला की आपोआप झडेल. वाढलेले वजन आणि अडलेला श्वास या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध आहे काय, आणि असल्यास घराने नेमके काय करावे व काय करू नये, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्या प्राचीन वैद्यकाने श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत : महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. यांपैकी तमकश्वास म्हणजे ज्यास आज दमा म्हणतात तो विकार. चरकसंहितेतील त्याचे वर्णन वाचताना वैद्याने रुग्णाच्या उशाशी रात्र काढली असावी असे वाटते. आडवे पडवत नाही, उठून बसले की बरे वाटते, कफ सुटला की घटकाभर सुख लागते, अभ्राच्छादित हवेत आणि गारठ्यात पीडा वाढते, अशी लक्षणे तेथे आली आहेत. क्षुद्रश्वास म्हणजे श्रमाने लागणारी साधी धाप. विसाव्याने ती शमते. पुढे माधवनिदानात मेदोरोगाच्या लक्षणांत या क्षुद्रश्वासाची गणना केलेली आढळते. म्हणजे स्थूल मनुष्यास धाप लागते, ही गोष्ट हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांना ठाऊक होती. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. स्थूल बालकास लागते ती केवळ क्षुद्रश्वासाची धाप, की वाढलेल्या मेदामुळे निरोगी बालकास तमकश्वासही जडू शकतो? या प्रश्नाचे उत्तर गेल्या पाव शतकात बरेचसे हाती आले आहे.

प्रथम दमा म्हणजे काय ते थोडक्यात पाहणे इष्ट. फुप्फुसांत हवा नेणाऱ्या श्वासनलिकांच्या आतील अस्तराला दीर्घकाळ सूज असते. अशा नलिका अतिशय हळव्या बनतात. धूळ, धूर, थंड हवा, विषाणूजन्य सर्दी, पाळीव प्राण्यांचे केस, गादीतील सूक्ष्म कीटक, धावणे, क्वचित मोठ्याने हसणे, एवढ्या निमित्ताने त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळले जातात, आत चिकट स्राव साचतो आणि हवा बाहेर पडण्यास अडचण होते. आत घेतलेला श्वास बाहेर सोडणे हेच दमेकऱ्याचे खरे कष्ट असतात, आणि तो शिट्टीचा आवाज त्याच कष्टांचा. औषधाने नलिका पुन्हा सैलावतात, हे दम्याचे वैशिष्ट्य. म्हणूनच पाच-सहा वर्षांपुढील बालकास नळीत जोराने फुंकर मारावयास लावून स्पायरोमेट्री नावाची तपासणी करतात. नलिका रुंदावणारे औषध देऊन पुन्हा फुंकावयास लावतात आणि दोन्ही वेळच्या आकड्यांची तुलना करतात. केवळ वजनामुळे दमछाक होणाऱ्या मुलाच्या आकड्यांत असा लक्षणीय फरक पडत नाही. ही तपासणी वेदनारहित आहे आणि काही मिनिटांत आटोपते. असे असूनही असंख्य घरांत निदान नुसत्या अंदाजावर चालते, ही खेदाची गोष्ट होय.

अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. एखाद्या स्थूल मुलाला दमा नसतानाच वर्षानुवर्षे दम्याची औषधे दिली जातात. उलट एखाद्याला खरोखरीचा दमा असूनही 'जाडेपणाची धाप' म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते, आणि एखाद्या मध्यरात्री त्याला उचलून रुग्णालयात न्यावे लागते. दुसरी चूक अधिक घातक. जगातील दमेकऱ्यांपैकी साधारण तेरा टक्के भारतात आहेत, परंतु दम्याने होणाऱ्या जगातील मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात, असा २०१९ सालचा जागतिक अंदाज आहे. हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडले की उशिरा होणारे निदान आणि अर्धवट सोडलेले उपचार यांची किंमत कळून येते.

आता वजनाकडे वळू. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टूसॉन येथे १९८० पासून नवजात बालकांच्या एका गटाच्या श्वसनाचा दीर्घकालीन अभ्यास चालू झाला. त्याचा एक निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते अकरा या वयात ज्या मुलींचे वजन प्रमाणाबाहेर वाढले, त्यांच्यात पुढे दम्यासारखी लक्षणे नव्याने उद्भवण्याचे प्रमाण इतर मुलींच्या सातपट आढळले. मुलांमध्ये, म्हणजे मुलग्यांमध्ये, तसे दिसले नाही. दोन वर्षांनी दक्षिण कॅलिफोर्नियातील शाळकरी मुलांच्या अभ्यासात नेमके उलट आढळले : तेथे परिणाम मुलग्यांत अधिक होता. अशा उलटसुलट निष्कर्षांमुळे कित्येक वर्षे विद्वानांत वाद चालू राहिला.

वाद बऱ्याच अंशी मिटविणारा अभ्यास २०१८ मध्ये 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला. अमेरिकेतील सहा मोठ्या बालरुग्णालयांच्या नोंदींतून दोन ते सतरा वर्षे वयाच्या पाच लाखांहून अधिक मुलांचा त्यात विचार झाला. आरंभी दमा नसलेली मुले निवडून पुढे कोणाला दमा जडला हे पाहण्यात आले. सामान्य वजनाच्या मुलांशी तुलना करता जास्त वजनाच्या मुलांत नव्या दम्याचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक निघाले, तर लठ्ठ मुलांत ते २६ टक्क्यांनी अधिक निघाले. स्पायरोमेट्रीने पडताळा घेतलेला दमा तेवढाच मोजला, तर लठ्ठ मुलांतील जोखीम २९ टक्क्यांनी अधिक भरली. लठ्ठ मुलांना जडलेल्या नव्या दम्यापैकी २३ ते २७ टक्के दमा थेट लठ्ठपणामुळे आला, असा अभ्यासकांनी हिशेब मांडला. म्हणजे जवळजवळ चारांतील एक.

टक्क्यांचा अर्थ मात्र व्यवहारी नजरेने लावावा. समजा, सामान्य वजनाच्या शंभर मुलांपैकी दहांना दमा होणार असेल, तर लठ्ठ शंभरांपैकी बारा-तेरांना होईल. बहुसंख्य लठ्ठ मुलांना दमा नसतो आणि दमा असलेली कितीतरी मुले अंगाने काटकुळी असतात. दम्याच्या मुळाशी आनुवंशिकता आहे, ॲलर्जी आहे, घरातला धूर आणि शहरातली हवा आहे. म्हणून दमा असलेल्या प्रत्येक मुलाच्या ताटाकडे बोट दाखविणे अन्यायाचे ठरेल. तथापि आनुवंशिकता बदलता येत नाही, शहराची हवा एका घराच्या हाती नसते. वजन हे मात्र काही अंशी घराच्या हाती असते. दोन-तीन मुलांचा हा वरचा आकडा क्षुद्र वाटत असेल, तर त्याला देशातील लठ्ठ मुलांच्या संख्येने गुणून पाहावे.

मेदाने श्वास कसा अडतो, हे समजण्यास फारसे शास्त्र लागत नाही. पोटातील आणि छातीवरील चरबीमुळे छाती व पोट यांच्यामधील पडदा पुरेसा खाली उतरत नाही. मूल आखूड, उथळ श्वास घेऊ लागते. खोल श्वासाने श्वासनलिकांना जो ताण मिळून त्या मोकळ्या राहावयाच्या, तो मिळत नाही. मुलांमध्ये आणखी एक विलक्षण प्रकार घडतो. स्थूल मुलांची फुप्फुसे आकाराने लहान नसतात, कधी कधी मोठीच भरतात. पण नलिकांची रुंदी त्या मानाने वाढत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दमा असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या स्थूल मुलांत ही विसंगती अधिक आढळली. बाजारपेठेच्या भाषेत सांगावयाचे तर गोदाम वाढविले, परंतु तेथे जाणारा बोळ होता तेवढाच राहिला. गाठोडी आत गेली तरी बाहेर काढताना खोळंबा व्हावयाचाच.

दुसरी गोष्ट अलीकडे उमगली. चरबी म्हणजे निमूट पडून राहिलेला साठा, अशी पूर्वीची कल्पना होती. प्रत्यक्षात मेदाच्या पेशी लेप्टिनसारखी संप्रेरके आणि दाह वाढविणारी अन्य द्रव्ये रक्तात सोडत असतात. त्यामुळे स्थूल मुलांतील दमा पुष्कळदा नेहमीच्या ॲलर्जीच्या दम्याहून निराळा असतो, आणि नेहमीच्या औषधांना तितकासा दाद देत नाही. अमेरिका व कॅनडा येथील एक हजारांहून अधिक दमेकरी मुलांवर झालेल्या एका प्रसिद्ध औषधचाचणीच्या नोंदी पुन्हा तपासल्या असता, जास्त वजनाच्या मुलांना श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडचा लाभ इतरांपेक्षा कमी झाल्याचे २०११ मध्ये दिसून आले. याखेरीज लठ्ठपणामुळे जठरातील आम्ल वर येणे, झोपेत घोरणे व श्वास मध्येच थांबणे, हे त्रासही वाढतात आणि त्यांनी रात्रीचा खोकला बळावतो. जे मूल रात्री नीट झोपत नाही ते दिवसा सुस्तावते, आणि सुस्तावलेले मूल खेळावयास जात नाही.

येथे या विषयाचा अत्यंत नाजूक भाग येतो. आतापर्यंत वजनाने दमा कसा वाढतो ते पाहिले. परंतु दम्यानेही वजन वाढते. पुण्या-मुंबईच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मुलाला एकदा मैदानावर अटॅक आला. आई घाबरली. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेच्या नावाने चिठ्ठी गेली : 'मुलास दम्याचा त्रास असल्याने खेळाच्या तासास सूट मिळावी.' सूट मिळाली. तो मुलगा बाकावर बसून सवंगड्यांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या राखू लागला. शाळेत व्हॅनने जाणे, संध्याकाळी शिकवणी, रात्री मोबाईल. मूल आजारी म्हणून लाडाने बिस्किटे, वेफर्स, चॉकलेट, सुट्टीच्या दिवशी शीतपेय. वर्षभरात सहा-सात किलो वाढतात. आता धावले की अधिक धाप लागते, म्हणून आई म्हणते, बघा, खेळू दिले नाही तेच बरे केले. ती चिठ्ठी प्रेमाने लिहिलेली असते यात संशय नाही. पण मुलाच्या पायात बेडी पडते ती त्याच चिठ्ठीने.

हे केवळ कल्पनाचित्र नव्हे. दक्षिण कॅलिफोर्नियातच शाळेच्या आरंभी लठ्ठ नसलेल्या २,१७१ मुलांचा दहा वर्षांपर्यंत मागोवा घेण्यात आला आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरंभी दमा असलेली मुले पुढे लठ्ठ होण्याची शक्यता, दमा नसलेल्यांपेक्षा ५१ टक्क्यांनी अधिक होती. परंतु याच अभ्यासात एक आशादायक गोष्ट हाती लागली. ज्या दमेकरी मुलांनी त्रासाच्या वेळी श्वासनलिका मोकळ्या करणारा पंप वापरला, त्यांच्यात लठ्ठ होण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी आढळली. याचे कारण पूर्णपणे सिद्ध झाले आहे असे नाही. पण ज्याचा श्वास मोकळा तो मैदानावर टिकतो, हा तर्क सहज पटण्याजोगा आहे.

आणि नेमका याच पंपाला आपल्याकडे सर्वाधिक विरोध होतो. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, मुलीला पंप आहे हे कळले तर पुढे स्थळे येणार नाहीत, अशी नाना मते सुशिक्षित घरांतही ऐकू येतात. त्यापेक्षा गोळी बरी, सिरप बरे, असा सल्ला दिला जातो. येथे साधा त्रैराशिकाचा हिशेब उपयोगी पडेल. साल्ब्युटामॉल या औषधाची एक गोळी दोन किंवा चार मिलिग्रॅमची असते. त्याच औषधाच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. अर्थात चार मिलिग्रॅमच्या एका गोळीत पंपाच्या चाळीस दाबांइतके औषध आहे. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सर्वांगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचे औषध थोडक्यात थेट नलिकेत पोहोचते. कमी मालात अधिक काम करणारी वस्तू नाकारून चाळीसपट माल घेणारा व्यापारी कोणत्याही पेठेत शहाणा म्हणवला जाणार नाही.

स्टेरॉइडच्या बाबतीत हा फरक अधिकच महत्त्वाचा ठरतो. पोटातून वारंवार घेतलेल्या स्टेरॉइडने भूक वाढते, चेहरा सुजल्यासारखा गोल दिसतो, वजन चढते. दम्यावर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बेनामी पुड्यांत स्टेरॉइडचीच भेसळ आढळून आलेली आहे. पुडी घेतली की मूल टवटवीत दिसते, भुकेला लागते, अंग धरते, आणि घर समजते की औषध लागू पडले. याउलट डॉक्टरांच्या सल्ल्याने श्वासावाटे नियमित घेतलेल्या अल्प मात्रेच्या स्टेरॉइडने अटॅकच येत नाहीत, त्यामुळे पोटातून मोठ्या मात्रा घेण्याची वेळही टळते. त्याने उंची खुंटते, अशी एक भीती आहे. ती सर्वस्वी निराधार नाही, म्हणून आकडा सांगितलेला बरा. वर उल्लेखिलेल्या औषधचाचणीतील मुलांची प्रौढपणीची उंची मोजली असता सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. अर्ध्या इंचाहूनही कमी. गुदमरून काढलेल्या रात्रींच्या बदल्यात हा सौदा कोणता, ते ज्याने त्याने ठरवावे.

मूल स्थूल आहे की नाही, हे ओळखावे कसे? प्रेमाच्या नजरेला ते दिसत नाही. जून महिन्यात शालेय गणवेशाच्या दुकानात ते दिसते. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी तेरा-चौदाचे माप काढावे लागते आणि मग हातापायांची लांबी चार-चार बोटे दुमडून शिवावी लागते. आई म्हणते, अंगाने थोराड आहे. उंचीनेही थोराड असेल तर ठीक. माप केवळ कमरेला लागत असेल तर विचार करावा. वजनाला, म्हणजे किलोग्रॅमच्या आकड्याला, उंचीच्या मीटरमधील आकड्याच्या वर्गाने भागले म्हणजे शरीरवस्तुमान निर्देशांक मिळतो. १३५ सेंटिमीटर उंचीच्या, ४५ किलो वजनाच्या दहा वर्षांच्या मुलाचा निर्देशांक २४.७ येतो. प्रौढांच्या प्रचलित २५ च्या मर्यादेत तो बसतो म्हणून पुष्कळांचे समाधान होते. येथेच फसगत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे दहा वर्षांच्या मुलग्याचा निर्देशांक २१.४ च्या पुढे गेला की तो लठ्ठ समजावा. मुलांसाठी वय व लिंगानुसार वेगळे तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनेही २०१५ मध्ये भारतीय मुलांसाठी सुधारित तक्ते प्रसिद्ध केले असून ते कोणत्याही बालरोगतज्ज्ञाकडे असतात. ज्यांना भागाकाराचा कंटाळा आहे त्यांनी साधी शिंप्याची टेप घ्यावी. पाच वर्षांवरील मुलाचा कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, असा सोपा दंडक ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये सुचविला आहे.

भारतीय मुलांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी लागते आणि तिचा शोध पुण्यातच लागला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेड्यांतील मातांचा व नवजात बालकांचा १९९३ पासून अभ्यास केला. त्या बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. इकडची बाळे सर्व मापांनी लहान, पण चरबीच्या बाबतीत मात्र त्या मानाने फारशी मागे नव्हती. कमी पडले होते ते स्नायू. दिसावयास बारीक परंतु आतून मेदयुक्त, असे आपल्या बाळांचे स्वरूप त्यांनी जगापुढे मांडले. अशा लहानशा बाळाला लवकरात लवकर गुटगुटीत करण्याचा घरादाराचा आटापिटा चालतो, तेव्हा वाढते ते प्रामुख्याने काय, याचा विचार व्हावयास हवा. युरोपातील ३१ अभ्यासगटांतील सुमारे १ लाख ४७ हजार मुलांची माहिती २०१४ मध्ये एकत्र करण्यात आली, तेव्हा तान्हेपणी ज्यांचे वजन फार झपाट्याने वाढले त्यांच्यात पुढे छातीत घरघर आणि शालेय वयात दमा यांचे प्रमाण अधिक दिसले. अर्थात याचा अर्थ बाळाला अर्धपोटी ठेवावे असा कोणी काढू नये. आईचे दूध मागेल तितके द्यावे. बाटलीतील साखर, दुधात कालविलेली बिस्किटे आणि पोट भरल्यावर कोंबलेला शेवटचा घास एवढेच टाळावयाचे आहे.

पाच वर्षांखालील जास्त वजनाच्या बालकांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. कुपोषित बालकांच्या देशात हे प्रमाण अजून लहान आहे हे खरे. पण ते ज्या घरांत वाढते आहे ती घरे शहरांतली, खाऊनपिऊन सुखी असलेली. शाकाहारी घरांत हा प्रश्न नसावा, असा एक गोड समज आहे. फरसाण, मैदा, वनस्पती तूप, मिठाई आणि शीतपेय हे सर्व शाकाहारीच आहेत.

स्थूल दमेकरी मुलाचे वजन आटोक्यात आणले तर दमा सुधारतो काय? ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्स येथे मुलांवर असे प्रयोग झाले आहेत. ते लहान आहेत, थोड्या मुलांवरचे आहेत. पण आहार व व्यायामाने वजन घटल्यावर मुलांच्या दम्याची लक्षणे कमी झाल्याचे त्यांत आढळले. वाढत्या मुलाला प्रौढासारखे उपाशी ठेवून वजन उतरविणे मात्र सर्वथा अयोग्य. बहुतेक मुलांच्या बाबतीत वर्ष-दीड वर्ष वजन आहे तेथे थोपवून धरणे पुरेसे असते. उंची वाढत राहते आणि प्रमाण आपोआप सुधारते. त्यासाठी एकट्या मुलाच्या ताटात वेगळे काही वाढू नये. भाऊ समोसा खातो आणि त्याला काकडी, हा प्रकार क्रौर्याचा आहे, आणि तो टिकतही नाही. घरात शीतपेयाची बाटली आणली नाही तर कोणालाच नाही. टीव्हीसमोर जेवण नाही तर आजोबांनाही नाही.

आणि खेळ. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान साठ मिनिटे घाम येईल असा शारीरिक श्रम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दमा असलेल्या मुलाला यातून सूट नाही. दमा आटोक्यात असेल तर त्याने इतरांसारखे खेळावे. आरंभी दहा-पंधरा मिनिटे हळूहळू अंग गरम करावे, डॉक्टरांनी सांगितले असल्यास खेळापूर्वी पंप घ्यावा, कडाक्याच्या थंडीत आणि धुरकट हवेत मैदानाऐवजी घरात व्यायाम करावा. पोहणे पुष्कळांना मानवते, कारण पाण्याजवळची हवा दमट असते. अमेरिकेची जॅकी जॉयनर-कर्सी ही किशोरवयापासून दमेकरी. तिने १९८८ व १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये मिळून तीन सुवर्णपदके मिळविली. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफलाही दमा. तिने २००३ मध्ये लंडनची मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. या दोघींच्या आयांनी सूट मागणारी चिठ्ठी लिहून विषय कायमचा संपविला असता, तर?

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा ज्या घरांत असे मूल आहे त्यांनी वर्गशिक्षकांस जरूर पत्र लिहावे. त्या पत्रात सूट मागू नये. मुलास दमा आहे, त्याचा पंप व स्पेसर दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, धाप लागल्यास त्यास बसवून डॉक्टरांनी ठरवून दिलेले दाब द्यावेत, दहा-पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास किंवा ओठ निळसर दिसल्यास, बोलताना वाक्य तुटू लागल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे, एवढे त्यात असावे. सोबत डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद आणि दोन दूरध्वनी क्रमांक. आणि खाली एक ओळ : 'खेळाच्या तासास यास इतर मुलांबरोबर मैदानावर पाठवावे.'